चार तासांवरचं कुवेत

सुपडू आबा केळीच्या घडाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "माल कोठे जाई राहिना?" बाग कोणाचीही असो, पाटलाची असो की आमची, हा प्रश्न झाल्याशिवाय त्यांचा विळा कमरेतून बाहेर यायचा नाही. गावाचं नाव कळलं की पुरे, कारण प्रत्येक गावाचे दिवस त्यांच्या डोक्यात पक्के होते. जळगावचा बाजार म्हणजे उद्याच. इंदूर, नागपूर म्हणजे दोन दिवस. दिल्ली म्हणजे रेल्वेच्या डब्यात चार दिवस, आणि डबा मध्येच कुठे साइडिंगला पडून राहिला तर पाच. मग ते झाडाखाली उभे राहून घडाच्या मधल्या फणीतलं एक केळ चिमटीत धरायचे. केळाला उभ्या शिरा असतात. कोवळ्या केळात त्या बोटाला टोचतात, केळ भरत जातं तशा त्या गोल होत जातात. जवळच्या गावाला भरलेला घड, दूरच्या गावाला कोवळा घड, म्हणजे वाटेत पिकायचा नाही, पोचल्यावर पिकेल. शास्त्र एवढंच. पण ते वाचून येत नाही, आणि आमच्या बाजूच्या पाच-सहा गावांत ते सुपडू आबांइतकं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. त्यांनी कापलेला माल वाटेत पिकला असं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. त्यांना शेती नव्हती, घर कुडाचं होतं, लिहिता वाचता येत नव्हतं. गावात त्यांना जो काही मान होता तो या एका गोष्टीचा.

आमचं गाव चोपड्यापासून एस्टीनं अर्ध्या तासावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात भाऊ, आई आणि मी. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून मीही भाऊच म्हणत आले. मोठी अक्का शिरपूरला सासरी गेलेली होती, त्यामुळे घरात तसा शुकशुकाट. सकाळी आई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायची त्याचा आवाज, मागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर, आणि कापणीचे दिवस असले की पहाटेपासून बैलगाड्यांची चाकं. केळीच्या घरात एक गोष्ट कायम असते, ती म्हणजे चिकाचे डाग. माणसांच्या सदऱ्यांवर, आईच्या पदरावर, माझ्या शाळेच्या दप्तरावरसुद्धा ते काळपट डाग होते. कोणत्याही साबणानं ते जात नाहीत. लग्नानंतर धुळ्याला आले तेव्हा सासूबाईंनी माझे दोन परकर त्या डागांपायी मोलकरणीला देऊन टाकले होते.

भाऊ वाईट माणूस नव्हते, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. ते हौशी होते, बोलायला गोड होते, आणि आपलं नाव व्हावं याची त्यांना जबर हाव होती. आमच्या घरापुढे रुंद ओटा होता. संध्याकाळी तिथे गावातली पाच-सात बागायतदार माणसं जमायची, सुपारी कातरायची, आणि भाऊ मधोमध बसायचे. त्या ओट्यावर बायकांनी थांबायचं नाही. चहा दाराच्या आतून पुढे करायचा आणि मागे फिरायचं. मी दहावीची परीक्षा देईपर्यंत त्या ओट्याच्या कडेलाही कधी टेकले नव्हते.

त्या उन्हाळ्यात हमीदशेठ आले. ते चोपड्यातले फळांचे व्यापारी, आमचा माल बरेचदा तेच घ्यायचे. त्यांचा मेहुणा कुवेतला फळांचं दुकान चालवत होता आणि त्यानं पत्र लिहिलं होतं की, इथे केळी कुठून कुठून जहाजानं येतात आणि बेचव लागतात, तुमच्याकडची शंभर खोकी विमानानं पाठवून पाहा, लोकांना आवडली तर पुढे कायमचं करू. ओट्यावर एकदम चैतन्य आलं. आमच्याकडची केळी विमानात बसणार, यापेक्षा मोठी बातमी गावानं ऐकली नव्हती. भाऊंनी लगेच जबाबदारी अंगावर घेतली. एकट्या आमच्या बागेतून शंभर खोक्यांइतका निवडक माल निघणारा नव्हता, म्हणून आणखी चौघांनी आपापल्या बागेतले घड द्यायचे ठरवले, केवळ भाऊंच्या शब्दावर. आणि मग कोणीतरी विचारलं, "भाऊ, पन हाई कुवेत शे कितलं दूर?"

कोणालाच माहीत नव्हतं. हमीदशेठनाही नीट सांगता येईना. भाऊंनी दाराकडे तोंड करून मला हाक मारली, "पोरी, तुनं नकाशानं पुस्तक आन."

मी नकाशाचं पुस्तक घेऊन गेले. भाऊंनी सरकून जागा केली आणि मला ओट्यावर, आपल्या शेजारी बसवलं. मी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागवला, मुंबईवर एक टोक धरलं, समुद्र ओलांडून कुवेतवर दुसरं टोक ठेवलं, आणि खालच्या मोजपट्टीवर दोरा लावून सांगितलं, पावणेतीन हजार किलोमीटर. आमच्या भूगोलाच्या सरांनी विमानाचा वेग ताशी सात-आठशे किलोमीटर सांगितला होता. मी पुस्तकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं भागाकार केला आणि शाळेत उत्तर देतात तशी म्हणाले, "मुंबई ते कुवेत, विमानानं जेमतेम चार तास."

एवढ्या माणसांच्या तोंडून एकदम निघालेला तो उद्गार मला अजून ऐकू येतो. जळगाव ते दिल्ली अकराशे-बाराशे किलोमीटर, आणि चार दिवस. कुवेत त्याच्या दुपटीहून लांब, आणि चार तास. भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मनी पोर शे ही," ते म्हणाले, जसं काही ते कोणाला ठाऊकच नव्हतं. "इले जळगावले कॉलेजले टाकनं शे. वसतिगृहमा ठेवसू." हे त्यांनी आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी त्या क्षणी हरभऱ्याच्या झाडावर चढले, आणि पुढचे पंधरा दिवस मला कोणी खाली उतरू दिलं नाही. जो येईल त्याच्यासमोर भाऊ विचारायचे, "सांग वं, कुवेत कितलं दूर?" आणि मी सांगायची. मोजून ठेवलेला दोरा मी पुस्तकात खुणेसारखा घालून ठेवला होता. खरं तर दोन-तीन दिवसांतच तो लागेनासा झाला होता, कारण आकडे मला पाठ होते.

परवा नातीला सहज म्हटलं, मुंबई ते कुवेत किती गं लांब? तिनं फोनवर बोट फिरवलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सांगितलं, पावणेतीन हजार किलोमीटर, आजी, साधारण चार तास. म्हणजे माझा दोरा अगदी बरोबर होता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी तिला म्हटलं, हे हवेतले तास झाले, जमिनीवरचे किती ते सांग. ती म्हणाली, तसं काही यात नसतं. माझ्या पुस्तकातही नव्हतं. पण माझ्या गावात एक माणूस होता ज्यानं हे विचारलं होतं, आणि त्याचं मी काय केलं ते सांगण्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे.

कापणीच्या दिवशी सकाळी आई आणि मी माणसांची न्याहारी घेऊन बागेत गेलो. भाकरी, ठेचा, कांदे आणि भरिताचं पातेलं. सुपडू आबा आपल्या चार माणसांसह बांधावर बसले होते. भाऊ आले तसे ते उठले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. भाऊ हसले. "कुवेत. माहीत शे ना बठ्ठा गावले."

"ते माहीत शे, भाऊ. कितला दिन?"

"दिन नही, आबा. तास. चार तास." भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "ही मोजेल शे."

सुपडू आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती, अविश्वासही नव्हता. माझं मोजमाप त्यांनी मान्यच केलं होतं. ते म्हणाले, "इमान चार तासमा जाई, ते खरं. पन त्याना पहिले माल कोठे पडी राही, आन् कितला दिन?"

"पडी कसाले राही? आज रातले ट्रक निंघी, सकाळे मुंबई. तठून इमान. परवा कुवेतना लोके खातीन." भाऊंनी आवाज चढवला नाही, ते खुशीत होते. "आबा, तुमले रेल्वेनी सवय शे. इमान काय डब्बा शे का साइडिंगले पडाले? चांगला भरेल माल कापा. जाड दिसाले पाहिजे, गोड लागाले पाहिजे. नाव व्हवाले पाहिजे."

"दिल्लीना मापे कापसूत, भाऊ. दोन दिन उशिरा पिकना तरी बिघडस काय? पिकी जाई तर मात्र बठ्ठं गयं."

आता मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. पंधरा दिवस ओट्यावर बसून मला सवय लागली होती. "आबा, विमान मध्ये कुठे थांबत नाही," मी म्हणाले. "तुम्हाला त्यातलं काय कळणार? मी नकाशावर मोजलंय." शाळेतल्या स्वच्छ मराठीत म्हणाले, आमच्या घरच्या बोलीत नाही. त्यांच्याशी मी कधी अशा भाषेत बोलत नसे. दोन वर्षांची असताना त्यांच्या खांद्यावर बसून मी बागा फिरले होते. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.  सुपडू आबांनी विळा काढला आणि ते भाऊंना एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगतस तसं करस. भरेल कापस." आणि त्यांनी तसंच केलं. एकेक घड चाचपून, गोल शिरांचा, गुबगुबीत. मग बाकीच्या चौघांच्या बागांतही त्याच मापानं. इतकी देखणी केळी आमच्या बागेतून त्याआधी दूर कुठे गेलेली नव्हती.

दुपारभर आमच्या अंगणात बायका फण्या सोडवत होत्या. हे नवीनच होतं, एरवी घडच्या घड जायचे. तुरटीच्या पाण्यात फण्या बुडवायच्या म्हणजे चीक थांबतो, मग पुसून कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात रचायच्या. आईनं सगळ्यांसाठी खापरावरचे मांडे केले, आमरस केला, लग्नघरासारखी पंगत उठली. संध्याकाळी ट्रक आला. हमीदशेठ स्वतः बरोबर जाणार होते. त्यांनी एक खोकं उघडून पाहिलं, एक केळ दाबलं, आणि जरा थबकले. "भाऊ, मी म्हटलं होतं ना, जरा कोवळाच द्या. दिल्लीसारखा." भाऊंनी हात हलवला, "चार तास, शेठ, चार तास!" ट्रक सुरू झाला होता. हमीदशेठ चढून बसले. मी दारात उभी होते आणि मला हे सगळं ऐकू आलं होतं.

त्यानंतर पाच दिवस काहीच कळलं नाही. गावात फोन पोस्टात, तोही बंद पडलेला. भाऊ रोज चोपड्याला जाऊन हमीदशेठच्या दुकानात विचारून यायचे. सहाव्या दिवशी दुपारी हमीदशेठ आमच्या गावच्या एस्टीतून उतरले. बरोबर हमालाच्या डोक्यावर एक खोकं. ते ओट्यावर ठेवण्याआधीच वास आला. पिकलेल्या केळाचा वास घरात एक-दोन फण्यांचा असला तर गोड वाटतो. त्या वासानं मात्र नाक धरावं लागलं, आणि खोक्याभोवती चिलटं घोंघावत होती. त्यांनी फळी उचकटली. आत काळपट, रस सुटलेला लगदा होता. शेठनी सांगितलं, मुंबईला पोचल्या दिवशी कागदांत काही कमी निघालं. मग सुटी आली. मग त्या दिवशीच्या विमानात जागा नाही म्हणाले, उद्या या. माल तिथेच, पत्र्याच्या शेडमध्ये, त्या उन्हात चार दिवस. पाचव्या दिवशी कोणी तो विमानात घ्यायला तयार नव्हतं. शंभरच्या शंभर खोकी त्यांना तिथेच टाकून द्यावी लागली होती. हे एक ते दाखवायला घेऊन आले होते.

तासाभरात ओटा भरला. ज्यांचे घड गेले होते ते चौघे, त्यांचे भाऊबंद, आणि ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही बघायला. आई आणि मी दाराच्या आत उभ्या होतो. हमीदशेठ थकून गेले होते, त्यांना कोणावर खापर फोडायचं नव्हतं, पण त्यांनी सरळ विचारलं, "इतका भरलेला माल कापला कुणी? कोवळा असता तर चार दिवस सहज काढले असते." सगळे भाऊंकडे पाहू लागले. आणि मी भाऊंचा चेहरा पाहिला. मी तोपर्यंत त्या चेहऱ्यावर भीती कधी पाहिली नव्हती. ते म्हणाले, "सुपडूनं कापा. मी त्याले कोवळा कापाले सांगेल व्हतं."

सुपडू आबांना बोलावणं गेलं. ते आले, पायरीखाली उभे राहिले. भाऊंनी तेच पुन्हा म्हटलं, आणि या वेळी त्यांना अरेतुरे केलं. "तुले मी सांगं व्हतं का नही, कोवळा काप म्हनी? तुनी घाई करी. बठ्ठा लोकेसनं वाटोळं करं."

सुपडू आबा आधी चक्रावले. मग म्हणाले, "भाऊ, असं नका बोला. तुम्हीच माले भरेल..." ते थांबले. त्यांची चारही माणसं त्यांच्या हाताखालची, त्यांच्या साक्षीला कोण विचारणार. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि दाराच्या आत त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. सुटलो, असं त्यांना वाटलं असावं. "ती पोर तठेच व्हती," ते म्हणाले. "तिले इचारा. तू सांग बेटा, भाऊनी काय सांगं व्हतं?"

मी बाहेर आले. ओट्यावर, त्याच जागी, जिथे पंधरा दिवस मी कुवेतचं अंतर सांगत होते. सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मला काय करायचं आहे ते मला स्पष्ट कळत होतं, मी काही बावरले नव्हते, आणि लहान होते हे कारण मी स्वतःला कधी दिलेलं नाही. सोळा वर्षांची मुलगी लहान नसते. खरं सांगितलं तर भाऊ सगळ्या गावापुढे खोटे पडणार होते, आणि त्यांच्याबरोबर माझा दोरा, माझे चार तास, माझं जळगावचं कॉलेज. मी म्हणाले, "भाऊंनी कोवळाच माल कापायला सांगितला होता." त्याच स्वच्छ मराठीत. त्यामुळेच ते सगळ्यांना खरं वाटलं असावं. नकाशा मोजणारी मुलगी खोटं कशाला बोलेल?

सुपडू आबांनी कमरेचा विळा नीट खोचला. मग ते मागे फिरले आणि निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

आईनं त्या संध्याकाळी मला ताट वाढलं, भाजी, भाकरी, वर तूप, काही कमी केलं नाही. पण ती माझ्याजवळ बसली नाही. तिनंही बागेत सगळं ऐकलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, बाईला कोण विचारतं? विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला खरंच ठाऊक नाही, आणि तिला मी कधी विचारलंही नाही. मी जेवून उठले तेव्हा ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "त्यानाकडे दुसरं काय व्हतं वं?"

ती बरोबर बोलली. ज्याला जमीन आहे तो एका खोट्यानं बुडत नाही. सुपडू आबांना त्या हंगामात एकाही बागेत कोणी बोलावलं नाही. कापणीच्या टोळ्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकानं चालवायला घेतल्या. ते काही दिवस पारावर बसलेले दिसायचे, विळा कमरेला तसाच. लोक त्यांना वाईट बोलत नसत, फक्त काम देत नसत, आणि एखाद्या पोरानं बागेत आळस केला तर हसून म्हणत, कुवेतले पाठाडू का? पाऊस पडायच्या आत ते बायकोला घेऊन धुळ्याला लेकीकडे निघून गेले. मी त्यांना जाताना पाहिलं नाही. पाहणं टाळलं, असं म्हणायला हवं.

आणि आता माझं. मला वाटलं होतं की मी भाऊंना वाचवलं, म्हणजे भाऊ माझे झाले. घडलं ते उलटंच. त्या दिवसानंतर भाऊंनी मला ओट्यावर बोलावलं नाही. मी समोर आले की त्यांना काहीतरी काम आठवायचं. जेवताना मी वाढायला आले तर ते ताटाकडे बघत. निकाल लागला, मी तालुक्यात दुसरी आले. मी फॉर्म भरायचं काढलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, "आते कसाले कॉलेज? बठ्ठं व्हयी गयं मोजीसन." मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. तेव्हा मला वाटलं, नुकसान झालं म्हणून ते असं करताहेत. खरं कारण कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली. त्या घरात एकटी मीच होते जिला पाहिलं की त्यांना आपण कोण आहोत ते आठवायचं. आईला ते विसरू शकत होते, मला नाही. पुढच्या वैशाखात त्यांनी माझं लग्न लावून दिलं. चांगलं स्थळ होतं, धुळ्याचं, नोकरीचं. मी लग्नात त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

धुळ्याला नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत एक भाजीवाली यायची. तिच्या बोलण्यावरून मी ओळखलं की ही आमच्याकडची, विचारलं, आणि ती सुपडू आबांची लेक निघाली. ती मला ओळखत नव्हती, तिचं लग्न माझ्या जन्माआधी झालेलं. ते अजून आहेत, म्हणाली, दिसतं बेताचं, पण आहेत. मी चार दिवस विचार केला आणि एका दुपारी, मुलांना शेजारी ठेवून, तिनं सांगितलेल्या पत्त्यावर गेले.

ते दारात पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. कोण्या व्यापाऱ्याच्या शेंगा, घरी फोडून द्यायच्या. मी खाली बसले आणि नाव सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. मी घरच्या बोलीत बोलले, किती वर्षांनी. म्हटलं, "आबा, मी त्या दिन खोटं बोलनू. भाऊनी भरेलच कापाले सांगं व्हतं. माले माफ करा."

ते म्हणाले, "माले कसाले सांगस? मी तठेच व्हतू."

 मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर माझी अपेक्षा होती की त्यांनी मला आता रडू नको म्हणावं. त्यांनी म्हटलं नाही. मूठभर दाणे टोपलीत टाकून ते म्हणाले, "ज्यास्नी ऐकं, त्यास्ले सांग. ओट्यावर बसेल व्हतात ना बठ्ठा, त्यास्ले. आठेन चोपडाले एस्टी तीन तासमा जास. तू दहा वरीस लायात, आन् आठेच उनी."

"आबा," मी म्हटलं, "भाऊ अजून शेतस."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांना मी नीट दिसत नसणार, तरी त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. "मी बी शे," ते म्हणाले.

मी उठले. परतीची वाट एस्टी स्टँडवरून होती. चोपड्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, अर्धी गाडी रिकामी होती. मी तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि मग मुलांना घ्यायला घरी आले. सुपडू आबा त्यानंतर चार वर्षं जगले. भाऊ अकरा. त्या चार वर्षांत मी माहेरी दिवाळीला गेले, दोन लग्नांना गेले, आईच्या आजारपणाला गेले, प्रत्येक वेळी त्या ओट्यावरूनच आत गेले, आणि ती माणसं तिथे बसलेली असायची.